औषधाचं नाव घ्यायचं नसतं

माझ्या नवऱ्याचं पोट बिघडलं ते क्रेनमुळे, आणि त्याच्या क्रेनवर गंडांतर आलं ते पोटाच्या औषधामुळे. तोंडावर मी त्याला ‘अहो’च म्हणते, पण लिहिताना अहो-जाहो केलं की आपलाच माणूस पाहुण्यासारखा वाटायला लागतो, म्हणून इथे तो ‘तो’.

सिल्वासाजवळ मसाटला लोखंडी पाइपांचा एक कारखाना आहे, तिथे तो क्रेन चालवतो. आपण रस्त्यावर बघतो ती क्रेन नव्हे. कारखान्याच्या छताखाली दोन्ही बाजूंना रूळ असतात, त्यांच्यावरून एक लोखंडी पूल मागेपुढे सरकतो, आणि त्या पुलाला लटकलेल्या केबिनमध्ये माझा नवरा बसलेला असतो. खाली पाइपांचे गठ्ठे. गठ्ठ्याला पट्टे बांधणं, हूक अडकवणं आणि हाताने खूण करणं हे खालच्या माणसाचं काम. वरच्याने खूण बघायची आणि दांडा ओढायचा. भट्टीच्या आवाजात बोललेलं कोणाला ऐकू येत नाही, त्यामुळे सगळा कारभार हातावर. बोट वर करून फिरवलं की उचल, खाली करून फिरवलं की उतरव, पंजा उघडा दाखवला की थांब.

‘त्या पंजावर माणसाचा जीव असतो,’ असं त्याने लग्नानंतर मला मोठ्या गंभीरपणे सांगितलं होतं. मी पडले बालवाडीची बाई. मी म्हटलं, आमच्याकडे पंजा दाखवला तर पोरं थांबत नाहीत, उलट टाळी द्यायला धावत येतात. तो हसला नव्हता. तेव्हा तो कमीच हसायचा.

केबिनमध्ये चढायला उभी शिडी आहे. एकदा चढलं की जेवणाच्या सुट्टीपर्यंत उतरायचं नाही. उतरलं तर खाली सगळी लाइन थांबते आणि सुपरवायझर आरडाओरडा करतो. म्हणून हा पाणी कमी प्यायचा, अडवून धरायचा, आज दिवसपाळी तर पुढच्या आठवड्यात रातपाळी, जेवणाला वेळ नाही की काळ नाही. शेवटी पोटाने दावा साधला. मुरडा, जुलाब, कधी कधी शिडीवरच कळ. आम्ही नरोलीला चाळीत दोन खोल्यांत राहतो, आणि त्या काळात अख्ख्या चाळीला त्याच्या पोटाची खबरबात असायची. सिल्वासातल्या डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या. एकाने सांगितलं, टेन्शन घेऊ नका. क्रेनवाल्याला टेन्शन घेऊ नका म्हणणं म्हणजे माशाला भिजू नको म्हणण्यासारखंच. त्याची हाडं दिसायला लागली तेव्हा सासूबाई धुळ्याकडच्या गावाहून येऊन बघून गेल्या, आणि आठवड्याभरात बसने पुड्या आल्या.

गावाकडून इकडे येणाऱ्या कोणाच्याही पिशवीत आमची एक पिशवी असतेच. कधी भाकरीसाठी कळण्याचं पीठ, कधी डांगराची भाजी. या वेळी वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या पुड्या होत्या. तपकिरी चूर्ण, जायफळाचा घमघमाट. फोनवर सासूबाई म्हणाल्या, “ताकमा टाकीसन देजो, सकाय-संध्याकाय. अन कोन्हाले सांगू नको.”

“कशाचं आहे, आई?”

“त्यानं नाव लेवानं नई, बाई. नाव लिधं का गुण जास.”

हे मला नवीन नव्हतं. आमच्याकडे जाणकार माणूस औषध देतो तेव्हा त्यात काय आहे ते तो सांगत नाही, घेणारा विचारत नाही, आणि आपण ते घेतोय हे चारचौघांत बोलायचं नसतं. मला लहानपणी कावीळ झाली होती. आईने मला पहाटे एका म्हाताऱ्याकडे नेलं, जाताना आणि येताना माझ्या तोंडावर हात ठेवून. त्याने कसलंसं मूळ उगाळून पाजलं. आज मी यावर हसायला मोकळी आहे, पण कावीळ बरी झाली होती, तेव्हा हसू तरी कशी? आणि पुडीला वास तर जायफळाचा. पुरणपोळीच्या पुरणात मी स्वतः किसून घालते. एवढ्या साध्या गोष्टीची काय ही लपवाछपवी, असं म्हणून मी ताक घुसळलं.

गुण आला. असा आला की मी सासूबाईंना मनातल्या मनात हात जोडले. पोट धरलं, भूक लागली. रातपाळीहून येऊन तासन् तास छताकडे बघत पडणारा माणूस आता पाठ टेकली की घोरायला लागला. सुट्टीच्या दिवशी ओट्यावर बसून रस्त्यावरच्या ट्रकांची रांग बघत राहायचा, आणि बघता बघता गालात हसायचा. मी विचारायची, “काय झालं हसायला?” तर म्हणायचा, “काही नाही, असंच.” डोळे जरा तांबारलेले असायचे, पण भट्टीवर काम करणाऱ्या कोणाचे नसतात? नवरा पोटभर जेवतोय हे दिसलं की बाईला दुसरं काही दिसत नाही. अंगावर मांस चढत होतं, आणि मी देवाला वात लावत होते.

दारूचं म्हणाल तर आमच्या सिल्वासात तिचं अप्रूप नाही. पलीकडे गुजरातेत बंदी, म्हणून शनिवार आला की अथालच्या पुलावर इकडे येणाऱ्या गाड्यांची रांग लागते. कारखान्यांच्या गेटवर म्हणूनच फुंकायचं यंत्र असतं. माझा नवरा त्याला कधी घाबरला नाही. आयुष्यात थेंब घेतलेला नाही, लोक त्याला ताकपिता म्हणून चिडवायचे. गेटवरचा वॉचमनही त्याच्यापुढे यंत्र धरायचं म्हणून धरायचा. ‘कर नाही त्याला डर कशाला,’ हे त्याचं ठरलेलं वाक्य.

खाली पट्टे बांधणारा त्याचा जोडीदार नंदुरबारकडचा. दोघांची जोडी बरीच वर्षं जमलेली, खाली तो आणि वर हा. बायको-मुलं गावाला, म्हणून सणाला तो आमच्याकडे जेवायचा आणि मला वहिनी म्हणायचा. मराठी, हिंदी, गुजराती एकाच ताटात कालवून बोलायचा. एकदा मी विचारलं होतं, वरून एवढं वजन डोक्यावरून जातं, भीती नाही का वाटत? म्हणाला, “वर भाऊ आहे ना. दुसरा कोणी असता तर मी केव्हाच गाम भेगा झालो असतो, गावी पळून.”

अपघात दिवसपाळीला झाला. मी शाळेत होते. चाळीतल्या एका बाईने फोन करून सांगितलं, कारखान्यात काहीतरी झालंय. काय झालंय ते तिला ठाऊक नव्हतं. मी पोरांना तसंच मदतनीस बाईवर सोडून घरी पळाले. बऱ्याच वेळाने नवरा आला. शर्टावर रक्त होतं आणि ते त्याचं नव्हतं. पाइपांचा गठ्ठा घोडीवर, म्हणजे खालच्या लोखंडी स्टँडवर, उतरवताना एका बाजूचा पट्टा तुटला होता, गठ्ठा कलंडला होता आणि जोडीदाराच्या पायावर आला होता. गुडघ्याखालचा पाय दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी काढून टाकला.

“त्याने पंजा दाखवला. मी थांबवलं,” नवरा म्हणत होता. “मी थांबवलं. मग पट्टा तुटला.” मी त्याला पाणी दिलं. तो पाणी हातात धरून पुन्हा तेच म्हणाला. तेव्हा मला वाटलं, धक्क्यामुळे म्हणतोय. पण ते वाक्य पुढे कितीतरी दिवस आमच्या घरात राहिलं.

असा अपघात झाला की त्या लाइनवरच्या सगळ्यांची तपासणी करायची असा कारखान्याचा नियम आहे. आधी फुंकणं, मग लघवी. नमुना घेण्याआधी सेफ्टीच्या साहेबाने सगळ्यांना विचारलं तसं यालाही विचारलं, गेल्या काही दिवसांत कुठलं औषध, गोळी, सिरप, काही घेतलं का? हा म्हणाला, नाही.

“का नाही म्हणालात?” मी नंतर डोकं आपटून विचारलं.

“जीभच वळली नाही,” तो म्हणाला. “त्याचं नाव घ्यायचं नसतं ना.”

आता या माणसाला काय बोलायचं? आई फोनवर बोलली ते यानेही ऐकलं होतं, आणि आईचं ऐकायची चांगली सवय होती.

ती तपासणी कशी असते ते त्याने मला सांगितलं, आणि ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. प्लास्टिकच्या चपट्या तुकड्यात ओळीने पट्ट्या असतात, प्रत्येक नशेची एक. लघवी लागली की पट्ट्यांवर रेघा उमटायला लागतात. एकीवर उमटली, दुसरीवर उमटली. एका पट्टीवर रेघ आलीच नाही. ते बघून माझा नवरा खूश झाला. रेघ नाही म्हणजे काही नाही, असं कोणालाही वाटेल. तो साहेबाकडे बघून हसलासुद्धा. पण तिथे हिशेब उलटा असतो. रेघ आली तर माणूस स्वच्छ. रेघ आली नाही तर सापडला.

“गांजा कधीपासून पितोस?” साहेबाने विचारलं.

त्याला घरी बसवलं. नमुना पक्क्या तपासणीसाठी बाहेर पाठवला. अपघाताची नोंद पोलिसांत झालेली होतीच. पक्का अहवालही तसाच आला आणि चूक क्रेनवाल्याची ठरली, तर नुसती नोकरी जाणार नव्हती. नशेत क्रेन चालवून माणसाला अधू केलं म्हणून केस होणार होती, तुरुंगही होऊ शकत होता, आणि पुन्हा कुठल्याही कारखान्यात त्याला कोणी दांड्याला हात लावू दिला नसता. चाळीत तर निकाल आधीच लागला होता. नळावर मी गेले की बोलणं थांबायचं. एक जण माझ्या कानावर पडेल अशा बेताने म्हणाली, “शांत माणसंच आतून अशी असतात.” मी बादली तिच्या पायाशी आपटली आणि म्हटलं, बोलकी माणसं आतून कशी असतात ते मला रोज दिसतं.

पण खरं सांगते, मलाही शंका आली होती. मी त्याची बॅग उलटीपालटी केली, शर्ट हुंगले, खिशांच्या शिवणीत बोटं घालून बघितली. काही सापडलं नाही म्हणून मला आनंद व्हायला हवा होता, पण भीती वाढली. जे सापडत नाही ते आहे तरी कुठे? त्या संध्याकाळी तो नेहमीसारखा ताकाचा पेला घेऊन आला आणि फळीवरची पुडी सोडायला लागला. जायफळाचा वास खोलीभर पसरला. मी त्याचं मनगट धरलं.

“यात काय आहे?”

“जायफळ.”

“आणि?”

त्याला माहीत नव्हतं. मला माहीत नव्हतं. सासूबाईंना फोन केला तर त्यांनाही माहीत नव्हतं, आणि वर त्या माझ्यावरच चिडल्या, की तू नाव काढलंस, आता संपला गुण.

मी दुसऱ्या दिवशी बस पकडून गाव गाठलं आणि सासूबाईंना घेऊन पुड्या देणाऱ्या वैदूकडे गेले. गावाबाहेर शेताच्या कडेला त्याचं घर. अंगणात गोणपाटावर कसल्या कसल्या मुळ्या वाळत घातलेल्या. म्हातारा स्वच्छ धोतरातला, बोलायला गोड. मी विचारलं तर म्हणाला, जायफळ आहे, सुंठ आहे, धणे आहेत, आणि पुढे गप्प. गुरूने सांगितलेलं नाही सांगायचं म्हणे. माझा तोल गेला. मी म्हटलं, बाबा, एका माणसाचा पाय गेलाय, दुसरा तुरुंगात जायची वेळ आलीय, तुमच्या गुरूला सांगा येऊन बघून जा. तो मुळ्या वरखाली करत राहिला. सासूबाई माझ्याशेजारी पदर तोंडात धरून उभ्या होत्या. आयुष्यभर ज्या बाईने औषधाचं नाव घेतलं नव्हतं, ती म्हणाली, “सांगी दे, दादा. मना पोऱ्या जाई.”

“भांग,” तो म्हणाला. धणे म्हणावं तितक्या सहज. “धुईसन, तुपमा भाजीसन टाकस. जुनं औषद शे. पोटले धरी ठेवस.”

“किती असते?”

“जवयजवय निम्मी.”

तो वाईट माणूस नव्हता. तो माझ्याकडे बघून जरा दुखावून म्हणाला, “तो क्रेनवर बसस हाई माले कोन्ही सांगं? तुम्हीन सांगं नई, मीबी सांगं नई.” सिल्वासाला येऊन हे साहेबांपुढे सांगाल का म्हटलं, तर त्याने दोन्ही हात जोडले आणि आत निघून गेला. परवान्याशिवाय भांग वापरतो असं तो कोणत्या तोंडाने सांगणार होता? झाकली मूठ सव्वा लाखाची. सासूबाई त्याच्या उंबऱ्यावर बसून रडायला लागल्या, त्यांना उठवून मला बस गाठायची होती.

पक्का अहवाल आला. तोच. कारखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. मुंबईकडच्या होत्या, बोलणं शांत आणि नीट. मी त्यांना चूर्णाची सगळी कथा सांगितली आणि उरलेली पुडी टेबलावर ठेवली. त्यांनी ती हुंगली आणि मान हलवली. आयुर्वेदात अशी जुनी चूर्णं आहेत, भांग घातलेली, त्या म्हणाल्या. धूर ओढा नाहीतर पोटात घ्या, तपासणीला दोन्ही सारखंच. भांगेतला तो पदार्थ अंगातल्या चरबीत मुरतो, रोज थोडा थोडा गेला की साठत जातो, आणि घेणं बंद केलं तरी कितीतरी दिवस लघवीतून झिरपत राहतो.

“मग त्या दिवशी, त्या वेळेला हे नशेत होते, असं हा कागद सांगतो का?” मी विचारलं.

“नाही. शरीरात होतं, एवढंच सांगतो. केव्हा घेतलं, त्या वेळी किती अंमल होता, ते यावरून कळत नाही.”

मला एकदम हलकं वाटलं. मी नवऱ्याकडे वळून म्हटलं, ऐकलंत ना? सुटलो आपण. नवरा टेबलावरच्या पुडीकडे बघत म्हणाला, “मॅडम, म्हणजे माझा हात बरोबर होता, असंही तो कागद सांगत नाही.”

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. “नाही,” त्या म्हणाल्या. “तेही नाही.” मग पुडी परत माझ्याकडे सरकवून, “विचारलं होतं तेव्हाच औषधाचं सांगितलं असतंत, तर लोकांचा विश्वास बसायला मदत झाली असती. आता सांगताय ते सापडल्यावर सुचलेलं वाटतं.” त्या रागाने बोलल्या नाहीत, म्हणूनच जास्त लागलं.

आता सगळं एका माणसाच्या तोंडावर होतं. ज्याचा पाय गेला त्याच्या. इतके दिवस तो बोलण्याच्या अवस्थेत नव्हता. तो शुद्धीवर नीट आला तेव्हा पोलीस आणि कारखान्याचे साहेब त्याचा जबाब घ्यायला इस्पितळात गेले, आणि आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो. नवऱ्याने माझा हात धरला होता. चारचौघांत त्याने माझा हात धरलेला मला दुसऱ्यांदा आठवत नाही. दार उघडून साहेब बाहेर आले, त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि नुसती मान डोलावली.

मी पंजा दाखवला, क्रेन जागेवर थांबली, मग पट्टा तुटला. असा जबाब होता. तुटलेला पट्टा तपासला तर शिवण जुनी झालेली निघाली. अपघात पट्ट्यावर गेला. जोडीदाराच्या उपचाराची जबाबदारी कारखान्याने घेतली आणि पुढे स्टोअरमध्ये बसून करायचं काम दिलं. माझ्या नवऱ्याला लेखी ताकीद मिळाली, आणि तपासणी स्वच्छ येईपर्यंत क्रेन बंद, खाली किरकोळ काम.

मी पेढे वाटले. नळावरच्या त्या बाईला मुद्दाम दोन दिले.

पण नवऱ्याने नवीनच सुरू केलं. चाळीच्या वरच्या मजल्यावरून त्याने एक बादली दोराने खाली सोडली, बादलीत विटा भरल्या, आणि मला म्हणाला, “खाली उभी राहा. मधेच केव्हातरी पंजा दाखव.” मला वाटलं, गंमत करतोय. मी खाली अंगणात उभी राहिले. बादली डोक्यावरून हळूहळू उतरायला लागली. मी पंजा दाखवला. बादली जागच्या जागी थांबली आणि दोर थोडा थरथरला. “पुन्हा,” तो वरून म्हणाला. मग हे रोजचंच झालं. कामावरून आला की चहाच्या आधी बादली. चाळीतली माणसं आधी हसली, मग बघायची बंद झाली. तो दर वेळी बरोबर थांबवायचा. पण त्याचा चेहरा काही मोकळा व्हायचा नाही, कारण त्यालाही कळत होतं की आता पोटात ते चूर्ण नाही. आत्ताचा हात त्या दिवशीच्या हाताबद्दल काही सांगू शकत नव्हता. पोट पुन्हा बिघडलं होतं, आणि ताकाला तर तो शिवतही नव्हता.

शेवटी एकदाची त्या पट्टीवर रेघ उमटली. सोमवारपासून क्रेनवर या, असा निरोप आला. रविवारी मी पुरण घातलं आणि जोडीदाराला जेवायला बोलावलं. त्या दिवशी पुरणात वेलची घातली. जायफळाची कुपी मी केव्हाच फेकून दिली आहे. तो रिक्षाने आला, कुबड्या घेऊन, अंगाने अर्धा झालेला पण तोंड हसरं. नवरा दही आणायला नाक्यावर गेला होता. मी जोडीदाराला अंगणात खुर्ची दिली. वर लटकलेली बादली बघून त्याने विचारलं, “हे शुं आहे, वहिनी?”

मी सांगितलं. सांगताना हसतच सांगितलं. त्याचं हसू गेलं.

“वहिनी, भाऊला नका सांगू,” तो म्हणाला. “तुम्हाला सांगतो, कारण माझ्या पोटात राहत नाही. मी पंजा दाखवला होता. भाऊ माझ्याकडेच बघत होता, बराबर माझ्या डोळ्यांत. आणि लोड येतच होतं. मी दोन्ही पंजे दाखवले. भाऊ हसत होता, वहिनी. काही नाही, असंच, गालात. पट्टा नंतर तुटला, घोडीवर आपटून.”

“मग तुम्ही जबाबात...”

“भाऊ नशेत होता म्हटलं असतं तर तो गेला असता आत, आणि कंपनीने मला सांगितलं असतं, जा, भरपाई त्याच्याकडून घे. दोन घरं बसली असती. पट्ट्याचं नाव घेतलं, पट्ट्याला काय बायको-पोरं आहेत? आणि त्याला बिचाऱ्याला तर माहीतच नव्हतं त्याच्या पोटात काय आहे ते. कोणाला शिव्या घालू?” त्याने दुमडून टाचलेल्या पायजम्यावरून हात फिरवला. “पाय रोज विचारतो. त्याला मी पट्टाच सांगतो.”

तेवढ्यात नवरा दही घेऊन आला. दोघं जेवायला बसले, जुन्या सुपरवायझरच्या नकला झाल्या, मी पोळ्या वाढत होते. जेवण झाल्यावर नवरा उठला आणि म्हणाला, “चल, आज तू पंजा दाखव. आपला खरा पंजा तुझाच.” मी म्हटलं, अहो, पुरे आता. जोडीदार म्हणाला, “चालेल ना, वहिनी,” आणि कुबड्या टेकत अंगणात जाऊन बादलीच्या बरोबर खाली उभा राहिला. बादली उतरायला लागली. त्याने एक कुबडी काखेत दाबून हात वर केला, आणि पंजा उघडला. बादली थांबली.

“बघितलंस?” नवरा वरून ओरडला. कितीतरी महिन्यांनी त्याचा चेहरा उजळला होता. “बघितलंस ना? तेव्हापण असंच थांबवलं होतं मी.”

“बराबर, भाऊ,” जोडीदार म्हणाला आणि माझ्याकडे बघितलं.

मीही हो म्हटलं. सासूबाईंच्या त्या म्हणण्यावर मी इतके दिवस चिडत आले होते, नाव घेतलं की गुण जातो. या एका गोष्टीपुरतं ते खरं होतं. नाव घेतलं असतं तर वरचा माणूस पुन्हा कधी उभा राहिला नसता, आणि नाव घेतलं नाही तर तो सोमवारी शिडी चढणार होता, कोणाच्या तरी डोक्यावर. मला रात्रभर झोप लागली नाही.

सोमवारी त्याने डबा घेतला, चपला घातल्या, देवाला हात जोडले. दारातून वळून म्हणाला, “आज खाली नवा माणूस आहे. बघू, त्याचा पंजा कसा आहे.”

“अहो,” मी म्हटलं, “वर बसल्यावर हसू नका.”

“का गं?”

“असंच.”

तो हसला, आणि मसाटला गेला.